कॉन्टॅक्ट सेंटर क्लाउडवर गेल्यानंतर जागेवर उरलेली टेलिफोन उपकरणे कशी सांभाळावीत?

नाशिकमधील एका ग्राहकसेवा केंद्राच्या तांत्रिक व्यवस्थापकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन पाळ्यांत मिळून १५० प्रतिनिधी असलेल्या त्यांच्या केंद्राने कॉलवाटप, आयव्हीआर (‘मराठीसाठी एक दाबा’ असे सांगणारी स्वयंचलित यंत्रणा) आणि रेकॉर्डिंग ही कामे गेल्या वर्षी क्लाउडवर नेली. जुन्या पीआरआय (एकाच तारेवर अनेक कॉल आणणाऱ्या डिजिटल) लाइनी मात्र कायम ठेवल्यामुळे केंद्रात दोन गेटवे (पीआरआयवरचे कॉल इंटरनेटवरून जाण्याजोगे करणारी उपकरणे), एसबीसीची (इंटरनेटवरच्या कॉलची वेस राखणाऱ्या उपकरणाची) एक जोडी, ४० डेस्कफोन आणि फॅक्स व इंटरकॉमसाठी काही ॲनालॉग ॲडॉप्टर अजूनही चालू आहेत. मागच्या तीन महिन्यांत येणारे कॉल दोनदा तासाभरासाठी बंद पडले. दोन्ही वेळा क्लाउड पुरवठादाराने आपल्याकडे सर्व सुरळीत असल्याचे कळवले, दूरसंचार कंपनीने लाइन चालू असल्याचे सांगितले आणि फायरवॉल सांभाळणाऱ्या कंत्राटदारालाही काही दोष सापडला नाही. अशा स्थितीत या उपकरणांचे व्यवस्थापन कोणी आणि कसे करावे, असे त्यांनी विचारले आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की तिघांनीही आपल्याला खरेच सांगितले असण्याची शक्यता मोठी आहे. प्रत्येकाने आपापल्या हद्दीतला दिवा पाहिला आणि तो हिरवाच होता. ग्राहकाचा कॉल मात्र या तिन्ही हद्दी ओलांडून प्रतिनिधीपर्यंत पोहोचतो आणि दोन हद्दींच्या सांध्यावर काय चालले आहे हे पाहण्याचे काम कोणाच्याच करारात लिहिलेले नसते. जुनी ईपीएबीएक्स (कार्यालयाचे स्वतःचे टेलिफोन एक्स्चेंज) एकाच खोलीत होती तेव्हा हा प्रश्न फारसा येत नसे, कारण दोष शोधणाऱ्या तंत्रज्ञाला लाइनही तिथेच दिसे आणि एक्स्टेन्शनही तिथेच दिसे. आता मेंदू दूर गेला आहे आणि हातपाय आपल्या रॅकमध्ये राहिले आहेत, त्यामुळे सांधे सांभाळणे हेच आपले मुख्य काम झाले आहे.

आपल्या वर्णनावरून मला सर्वांत आधी ज्या दोषाचा संशय येतो तो असा. पीआरआय लाइन गेटवेपर्यंत जिवंत आहे, गेटवेही चालू आहे, पण गेटवेकडून एसबीसीमार्गे क्लाउडकडे जाणारी वाट तुटलेली आहे. एक्स्चेंजला त्यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने पीआरआय चालू असल्यामुळे ते प्रत्येक नवा कॉल विश्वासाने त्याच गेटवेकडे पाठवत राहते आणि गेटवे तो स्वीकारायला घेऊन, पुढे जागा न मिळाल्याने परत फिरवतो. अशा वेळी पूर्ण बंद पडलेला गेटवे परवडला असता, कारण मग एक्स्चेंजने हंटिंगच्या (एक लाइन बंद किंवा व्यग्र असल्यास पुढची शोधण्याच्या) नियमाप्रमाणे कॉल दुसऱ्या पीआरआयवर वळवले असते. पुढची वाट तुटलेला पण स्वतः जिवंत असलेला गेटवे सगळे कॉल गिळून टाकतो.

यावरचा उपाय म्हणजे पीआरआयची अवस्था पुढच्या वाटेच्या अवस्थेला बांधणे. गेटवेने एसबीसीला आणि एसबीसीने क्लाउडला दर ३० ते ६० सेकंदांनी सिपमधला (सिप म्हणजे इंटरनेटवर कॉल जोडण्याची भाषा) ‘ऑप्शन्स’, म्हणजे ‘जिवंत आहेस का’ असे विचारणारा, संदेश पाठवावा. सलग तीन संदेशांना उत्तर आले नाही तर गेटवेने आपले चॅनेल एक्स्चेंजच्या दृष्टीने बंद करावेत, ज्याला आपल्या क्षेत्रात ‘बिझी आउट’ म्हणतात. यात एक बारकावा आहे. एसबीसी स्वतः चालू असेल तर तो गेटवेच्या ऑप्शन्सना उत्तर देतच राहतो, मग त्याच्या पुढचा क्लाउडचा ट्रंक (अनेक कॉल नेणारी जोडणी) तुटलेला असला तरी. म्हणून क्लाउडकडचा ट्रंक पडल्यास एसबीसीने गेटवेच्या ऑप्शन्सनाही नकार द्यावा अशी मांडणी मुद्दाम करावी लागते. बहुतेक प्रचलित गेटवे आणि एसबीसी यांत या सोयी असतात, पण उपकरण बसवणाऱ्याने त्या चालू केल्या असतीलच असे गृहीत धरू नये. त्याचबरोबर दूरसंचार कंपनीकडून आपले दोन्ही पीआरआय एकाच पायलट क्रमांकाखाली (ग्राहक लावतो त्या मुख्य क्रमांकाखाली) हंटिंगमध्ये आहेत याची लेखी खात्री करून घ्यावी. मी पाहिलेल्या एका केंद्रात दुसरी लाइन चार वर्षे भाडे भरून चालू होती, मात्र ती हंटिंगमध्ये कधीच घेतलेली नव्हती आणि हे पहिली लाइन तुटली त्या दिवशी कळले.

हे झाले तातडीचे. आता व्यवस्थापनाकडे वळू. माझी पद्धत अशी आहे की रॅकमधल्या प्रत्येक उपकरणासमोर उभे राहून एकच प्रश्न विचारायचा: हे आत्ता बंद पडले, तर कोणते कॉल थांबतील आणि ते सर्वांत आधी कोणाला कळेल? उत्तर ‘ग्राहकाला’ असे असेल तर त्या उपकरणाचे व्यवस्थापन होत नाही, असे खुशाल समजावे. उपकरणांची नोंदवही याच प्रश्नाभोवती करावी. मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअरची (उपकरणातल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, आयपी पत्ता, वॉरंटीची तारीख या गोष्टी तिच्यात हव्यातच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते उपकरण कोणत्या यूपीएसवर आहे, स्विचच्या कोणत्या पोर्टला जोडले आहे, क्लाउडच्या प्रशासन पानावर कोणत्या नावाने दिसते आणि तिथे कोणत्या साइट व ट्रंकला जोडलेले आहे, हेही तिच्यात असावे. क्लाउडमधले नाव आणि रॅकवर चिकटवलेल्या पट्टीवरचे नाव अक्षरशः एकच असावे. रात्री दोन वाजता फोनवरून कोणाला तरी केबल काढायला सांगताना या साध्या शिस्तीची किंमत कळते.

एसबीसीची जोडी, म्हणजे एक कार्यरत आणि एक राखीव, ही चांगली व्यवस्था आहे. मात्र दोन्ही एसबीसी एकाच पॉवर पट्टीवर किंवा एकाच स्विचला असतील तर ती जोडी कागदावरच राहते. तेच दोन इंटरनेट लीज्ड लाइनींचे (भाड्याने घेतलेल्या खास जोडण्यांचे). दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या असे आपण मानतो, पण इमारतीत शिरताना दोन्ही फायबर एकाच डक्टमधून येत असतील तर रस्त्याच्या एका खोदकामात दोन्ही जातात. पुणे-नाशिक पट्ट्यात पावसाळ्याच्या आधी रस्त्यांची कामे उरकण्याची घाई असते, तेव्हा हा अनुभव मला एकाहून अधिक वेळा आला आहे. लाइन घेताना कंपनीच्या अभियंत्यासोबत इमारतीच्या प्रवेशबिंदूपर्यंत चालत जावे आणि फायबर कुठून येते ते डोळ्यांनी पाहावे. नकाशावर विसंबू नये.

क्षमतेच्या गणिताकडे बहुतेक जण उपकरण विकत घेताना एकदाच पाहतात आणि मग विसरतात, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. पीआरआय ज्या डिजिटल लाइनीवरून येते त्या एका ई१ लाइनीत ३२ कप्पे असतात. त्यांतला एक समक्रमणासाठी आणि एक संकेतांसाठी जातो आणि बोलण्यासाठी ३० उरतात. दोन पीआरआय म्हणजे एका वेळी ६० कॉल. समजा, आपल्या सर्वाधिक गर्दीच्या तासात ६०० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल आयव्हीआर, रांगेतली प्रतीक्षा आणि संभाषण मिळून सरासरी ४ मिनिटे लाइन अडवतो. रांगेत थांबलेला ग्राहकही लाइन अडवतोच, ही गोष्ट हिशेबातून हमखास सुटते. या उदाहरणात भार ४० अर्लांग, म्हणजे सरासरी ४० लाइनी सतत व्यग्र, असा होतो. हे एकक कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ ए. के. अर्लांग यांच्या नावाचे आहे आणि १९१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले सूत्र आजही याच कामासाठी वापरले जाते. त्या सूत्राने पाहिले तर ४० अर्लांग भारासाठी, शंभरात एकापेक्षा जास्त कॉल परत जाऊ नयेत असे वाटत असेल, तर ५३ चॅनेल लागतात. आपल्याकडे ६० आहेत, म्हणजे सर्व ठीक आहे.

आता एक गेटवे गेला असे धरा. ३० चॅनेल उरतात आणि तोच ४० अर्लांगचा भार त्यांच्यावर येतो. सूत्र सांगते की अशा वेळी दर दहापैकी सुमारे तीन कॉल लागणारच नाहीत. आणि ज्यांचा लागला नाही ते लगेच पुन्हा लावतात, म्हणजे प्रत्यक्षातली स्थिती त्याहून वाईट असते. ‘आमच्याकडे दोन गेटवे आहेत, एक गेला तरी दुसरा आहे’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे असते. दुसरा गेटवे आहे, पण तो सगळे ओझे उचलू शकत नाही. तिसरी पीआरआय घ्यावी, किंवा क्लाउडपर्यंत थेट येणारा सिप ट्रंक पूरक म्हणून घ्यावा, की अशा तासापुरते तीस टक्के कॉल गमावणे मान्य करावे, हा निर्णय व्यवसायाच्या प्रमुखांनी आकडा समोर ठेवून घ्यायचा आहे. आपले काम तो आकडा आधीच त्यांच्यासमोर ठेवण्याचे आहे.

इंटरनेटच्या क्षमतेतही अशीच एक चूक वारंवार दिसते. जी.७११ कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करण्याच्या एका पद्धतीत) एका कॉलचा आवाज ६४ केबीपीएस असतो, परंतु दर २० मिलिसेकंदांना एक याप्रमाणे सेकंदाला ५० पॅकेट जातात आणि प्रत्येकावर आयपी, यूडीपी, आरटीपी व ईथरनेट यांची आवरणे चढतात, त्यामुळे प्रत्यक्ष वापर सुमारे ८७ केबीपीएस होतो. लोक ६० कॉल गुणिले ८७ असा हिशेब करून ५ एमबीपीएसवर थांबतात. मात्र आपल्या रचनेत ग्राहकाचा आवाज गेटवेतून क्लाउडकडे जातो आणि तिथून प्रतिनिधीच्या ब्राउझरकडे, म्हणजे त्याच इमारतीत, परत येतो. एका संभाषणाचे दोन पदर त्याच लीज्ड लाइनवरून जातात. प्रतिनिधीच्या बाजूला ओपस कोडेक असेल तर तो पदर हलका असतो, तरीही ८ ते १० एमबीपीएस फक्त आवाजासाठी, दोन्ही दिशांना, राखीव धरावे. काही क्लाउड प्रणालींत जागेवर बसवायचे मीडिया सर्व्हर असतात, ते आवाजाला इमारतीतल्या इमारतीत वळवतात आणि क्लाउडकडे फक्त संकेत व रेकॉर्डिंग जाते. आपली लाइन तोकडी असेल तर ती सोय पाहावी, पण मग सांभाळायचे आणखी एक उपकरण वाढले हेही मान्य करावे.

आवाजाच्या पॅकेटना डीएससीपी ४६ ही (‘यांना आधी जाऊ द्या’ असे सांगणारी) खूण असावी आणि स्विच, फायरवॉल, राउटर या तिघांनीही ती मानावी. सार्वजनिक इंटरनेटवर गेल्यावर त्या खुणेला कोणी विचारत नाही हे खरे आहे. पण कोंडी बहुधा आपल्याच बाहेर पडणाऱ्या दारात होते, एखादा बॅकअप किंवा विंडोजचे अपडेट त्याच लाइनवर चढते तेव्हा, आणि तिथे ही खूण उपयोगी पडते. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, शिफारस आहे. क्लाउडचा प्रदेश (सर्व्हर असलेले ठिकाण) मुंबई निवडलेला असेल तर नाशिकहून अंतराचा विलंब काही मिलिसेकंदच असतो. एखाद्या कंपनीने जागतिक करारामुळे युरोपातला प्रदेश निवडला असेल, तर जागेवरच्या उपकरणांना कितीही सजवले तरी संभाषणातला तो अवघडलेला थांबा जात नाही.

फायरवॉलबद्दल माझे स्पष्ट मत आहे की ‘सिप एएलजी’ नावाची सोय बंदच ठेवावी. ती सिप संदेशातले पत्ते आपल्या समजुतीने बदलते आणि जिथे एसबीसी ते काम जाणतेपणाने करत आहे तिथे दोघांच्या बदलांची टक्कर होते. फायरवॉलचे फर्मवेअर बदलल्यावर ही सोय आपोआप पुन्हा चालू झालेली मी पाहिली आहे, म्हणून प्रत्येक अपडेटनंतर ती तपासण्याची ओळ कामाच्या यादीत असावी. क्लाउड पुरवठादाराच्या आयपी पत्त्यांची यादीही काळानुसार बदलते. बदलाची सूचना देणारा ईमेल नोकरी सोडून गेलेल्या व्यक्तीच्या पत्त्यावर जात असेल, तर एका सकाळी काही कॉलमध्ये आवाजच नाही अशी तक्रार येऊ लागते.

कॉल किती वेळाने तुटतो यावरून दोषाची जागा बरीचशी ओळखता येते आणि ही विद्या प्रत्येक पाळीच्या प्रमुखाला शिकवण्यासारखी आहे. उचललेला कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल, तर कॉल जुळल्याची पोच, म्हणजे ‘ॲक’ संदेश, परत पोहोचत नाही. सिपच्या नियमात मूळ मुदत अर्धा सेकंद धरलेली आहे आणि तिच्या ६४ पट वाट पाहून उपकरण कॉल सोडून देते. अशा वेळी पत्त्यांचे रूपांतर किंवा फायरवॉल पाहावे. कॉल ठरावीक १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असतील तर सेशन टायमरचे (कॉल चालू आहे ना, हे ठरावीक वेळाने तपासणाऱ्या मुदतीचे) नूतनीकरण एखाद्या टप्प्यावर अडते आहे. होल्डवर ठेवलेला कॉल परत घेतल्यावर आवाज येत नसेल तर फायरवॉलने शांत पडलेली यूडीपीची वाट मिटवलेली असते. ही मुदत अनेक फायरवॉलमध्ये ३० सेकंदांइतकी छोटी असते आणि आवाजाच्या पोर्टांसाठी ती वाढवावी लागते. आवाज एकाच बाजूने येत असेल तर एसडीपीमध्ये (आवाज कुठे पाठवायचा हे सांगणाऱ्या सिप संदेशाच्या भागात) आतला खासगी पत्ता बाहेर गेला आहे का ते पाहावे. आयव्हीआरमध्ये दाबलेले आकडे दोनदा उमटत असतील किंवा उमटतच नसतील, तर डीटीएमएफ (बटण दाबल्यावरचे स्वर) कुठे आवाजात मिसळून आणि कुठे स्वतंत्र आरटीपी घटनेच्या रूपात जाते, याची एकवाक्यता नाही. आणि आवाजात मधूनमधून टिचक्या ऐकू येत असतील, फॅक्स अर्ध्यावर तुटत असतील, तर गेटवेच्या ई१ पोर्टवरचे ‘स्लिप’ (दोन टोकांची घड्याळे न जुळल्याने होणाऱ्या घसरणी) मोजावेत. घड्याळाची लय गेटवेने लाइनीकडून घ्यायची असते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी एकाच गेटवेत असतील तर लयीचा पहिला आणि दुसरा स्रोत कोणता हे स्पष्ट लिहावे लागते.

कॉल न लागण्याची कारणे पीआरआयकडून क्रमांकाने येतात. १६ म्हणजे कॉल नेहमीप्रमाणे संपला, १७ म्हणजे क्रमांक व्यग्र, ३४ म्हणजे मोकळे चॅनेल नाही, ३८ म्हणजे नेटवर्क बिघडलेले. दिवसाला ३४ किती वेळा आला, हा एकच आकडा आलेखावर टाकला तरी लाइन कमी पडू लागल्याचे महिनाभर आधी कळते.

तारीख-वेळेबाबत जितके निष्काळजी वर्तन मी पाहिले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कशाबाबत पाहिले असेल. वीज गेल्यावर ज्या गेटवेची आतली बॅटरी संपलेली आहे तो गेटवे कित्येक वर्षांपूर्वीची तारीख घेऊन उठतो, त्याला क्लाउडचे सर्टिफिकेट (ओळख पटवणारा डिजिटल दाखला) ‘अजून सुरूच झालेले नाही’ असे वाटते आणि टीएलएस (सांकेतिक रूपात जाणारा सुरक्षित) ट्रंक जुळत नाही. एनटीपी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारे) सर्व्हर दोन तरी असावेत आणि वाट तुटलेली असतानाही त्यांतला एक आतल्या नेटवर्कवर मिळावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, जुळवायची असतात आणि सर्व यंत्रणांचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. गेटवे आणि एसबीसी यांची स्वतःची साठवण काही तासांतच भरून जुने लॉग पुसते, म्हणून ते सिसलॉग (नोंदी साठवणाऱ्या) सर्व्हरवर पाठवणे ओघानेच आले. क्लाउडचे लॉग यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आणि रॅकमधले भारतीय वेळेत असतील तर दोष शोधताना साडेपाच तासांचा घोळ होतो. सर्व उपकरणांवर एकच पद्धत ठरवावी आणि ती नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावी.

सर्टिफिकेटच्या मुदतीचा विषय आता वर्षातून एकदा आठवण ठेवण्याचा राहिलेला नाही. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत ३९८ दिवस होती, ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत जाणार आहे, असे सीए/ब्राउझर फोरमने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंडळाने) ठरवले आहे. ज्या एसबीसीवर सर्टिफिकेट हाताने चढवावे लागते तो एसबीसी पुढच्या तीन वर्षांत ओझे होऊन बसेल. नवे उपकरण घेताना सर्टिफिकेटचे आपोआप नूतनीकरण त्यात होते का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. मी एका केंद्रात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुदत संपलेले सर्टिफिकेट बदलले आहे. त्या दिवशी ते काम करू शकणारी दुसरी व्यक्ती उपलब्ध नव्हती, हा खरा दोष होता. तारीख तर वर्षभर आधीपासून ठाऊक होती.

फर्मवेअर बदलताना जोडीतले एकच उपकरण एका वेळी बदलावे. ते आधी सेवेतून बाहेर काढावे, म्हणजे नवे कॉल त्याकडे जाणार नाहीत आणि चालू कॉल आपोआप संपू द्यावेत. मगच अपडेट करावे आणि किमान आठवडाभर ते नव्या आवृत्तीवर नीट चालल्यावर दुसऱ्याकडे वळावे. रोज रात्री प्रत्येक उपकरणाची मांडणी मजकुराच्या रूपात एका ठिकाणी उतरवून घ्यावी आणि कालच्या प्रतीशी ताडून पाहावी. ज्या सकाळी फरक दिसेल आणि बदलाची नोंद नसेल, त्या सकाळी संबंधितांना फोन करावा. गेल्या तीन महिन्यांतल्या आपल्या दोन घटनांच्या आधी कोणी काही बदलले होते का, याचे उत्तर अशा प्रतींतून दहा मिनिटांत मिळाले असते.

डेस्कफोनबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ते व्हॉइस व्हीलॅनवर (आवाजासाठीच्या वेगळ्या नेटवर्क-कप्प्यात) असावेत, मांडणीचा पत्ता त्यांना डीएचसीपीतून (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेतून) मिळावा (अनेक कंपन्यांचे फोन पर्याय ६६ पाहतात, पॉलिकॉमचे १६०) आणि प्रत्येक फोनचा मॅक पत्ता (कारखान्यात दिलेला ओळखक्रमांक) क्लाउडमधल्या नोंदीशी जुळावा. माझा सल्ला असा की ४० पैकी जे हेडसेटवर जाऊ शकतील ते जाऊ द्यावेत आणि स्वागतकक्ष, सुरक्षा व सभागृह यांचे तेवढे ठेवावेत. या उरलेल्या फोनवरून ११२ लावला असता तो कॉल नाशिकच्याच ट्रंकवरून बाहेर पडतो का, हे मात्र आवर्जून तपासावे. क्लाउडमध्ये ट्रंकचा क्रम चुकला तर आणीबाणीचा कॉल भलत्याच शहरातून बाहेर पडू शकतो. ॲनालॉग ॲडॉप्टरना आणि इमारतीबाहेरून येणाऱ्या तांब्याच्या तारांना सर्ज संरक्षण आणि चांगले अर्थिंग द्यावे, कारण वळवाच्या विजांत सर्वांत आधी तेच जातात.

क्रमांकांचे रूपांतर एकाच ठिकाणी करावे, आणि ते ठिकाण एसबीसी असावे, असे माझे मत आहे. पीआरआयवरून क्रमांक कधी दहा आकडी, कधी शून्यासह, कधी ०२५३ सह येतात आणि क्लाउडला +९१ ने सुरू होणारा पूर्ण क्रमांक हवा असतो. थोडे गेटवेत, थोडे एसबीसीत आणि थोडे क्लाउडमध्ये असे तुकडे केले तर कालांतराने कोणालाच कळत नाही की शून्य कुठे गळाले. बाहेर जाणाऱ्या कॉलवर दाखवायचा क्रमांकही त्या ट्रंकला दिलेल्या क्रमांकांपैकीच असावा लागतो. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ची मालिका पूर्वीपासून आहे आणि सेवा व व्यवहारविषयक कॉलसाठी १६० ने सुरू होणारी मालिका २०२४ मध्ये आली. आपण वित्तसेवा देत असाल तर कोणत्या मोहिमेचा कॉल कोणत्या ट्रंकवरून जातो याची मांडणी अनुपालन विभागासोबत बसूनच करावी. ‘इतर सेवा पुरवठादार’ या सरकारी नावाखाली येणाऱ्या कॉल सेंटरसारख्या केंद्रांसाठीचे नियम नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये बरेच सैल झाले, नोंदणीची अट गेली, ईपीएबीएक्स दूर ठेवण्यास मुभा मिळाली; तरीही टोल (दूरच्या कॉलचे शुल्क) चुकवण्यासाठी कॉल डेटा नेटवर्कवरून दुसऱ्या शहरात नेऊन तिथे स्थानिक म्हणून सोडणे निषिद्धच राहिले आहे. क्लाउडमध्ये एका क्लिकने असा मार्ग नकळत तयार होऊ शकतो, म्हणून ट्रंकचे मार्ग बदलण्याचा अधिकार मोजक्याच लोकांकडे ठेवावा.

सुरक्षेबाबत एक गोष्ट आजच करावी: आपल्याला परदेशी कॉल लागत नसतील तर ते दूरसंचार कंपनीकडूनच बंद करून घ्यावेत. सिपचे ५०६० हे पोर्ट इंटरनेटवर उघडे दिसले की काही तासांतच स्वयंचलित प्रोग्राम त्यावर पासवर्ड आजमावू लागतात, आणि घुसखोरी झालीच तर ती बहुधा शनिवारच्या रात्री महागड्या परदेशी क्रमांकांवर कॉल लावून पैसे लुटते. एसबीसीने फक्त क्लाउडच्या पत्त्यांशी बोलावे, व्यवस्थापनाचे पान बाहेरून दिसू नये आणि मूळ पासवर्ड एकाही उपकरणावर राहू नये. उपकरण निकालात काढताना त्यातले कॉलचे तपशील आणि रेकॉर्डिंग पुसल्याची नोंद ठेवावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ लक्षात घेता भंगारात गेलेला मीडिया सर्व्हर हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे तिन्ही दिवे हिरवे असताना बंद पडलेल्या कॉलकडे. यासाठी बाहेरच्या एखाद्या मोबाइल किंवा सिप क्रमांकावरून आपल्या मुख्य क्रमांकावर दर पाच मिनिटांनी एक स्वयंचलित चाचणी कॉल यावा, त्याने आयव्हीआरचा पहिला संदेश ऐकावा, एक आकडा दाबावा आणि ठरलेला दुसरा संदेश आला नाही तर पाळीच्या प्रमुखाला आणि आपल्याला एसएमएस जावा. हा एसएमएस आपल्याच इंटरनेटवरून जाणारा नसावा. या चाचणीने पीआरआय, गेटवे, एसबीसी, फायरवॉल, क्लाउड, दोन्ही दिशांचा आवाज आणि डीटीएमएफ हे सर्व एका फटक्यात तपासले जाते. दिवसाला २८८ छोटे कॉल लाइनीवर जातात, तेवढा खर्च करण्यासारखाच आहे.

इंटरनेटच्या दोन्ही वाटा तुटल्यास गेटवेने काय करावे हेही गेटवेतच लिहून ठेवावे. किमान पर्याय असा की गेटवेने स्वतःजवळचा छोटा मराठी-हिंदी संदेश ऐकवावा; त्याहून चांगला असा की पीआरआय एका लाइनीपुरता चालू ठेवून कॉल ठरावीक दहा-बारा फोनवर स्थानिक हंट ग्रुपने वाजवावेत. यासाठी तेवढे डेस्कफोन गेटवेशी थेट नोंदणी करू शकणारे असावेत. वर सांगितलेले बिझी आउट आणि ही स्थानिक सोय यांत निवड करावी लागते: दुसऱ्या पीआरआयचा गेटवे वेगळ्या इंटरनेट वाटेवर असेल तर बिझी आउट योग्य, दोन्ही गेटवे एकाच वाटेवर असतील तर शेवटच्या लाइनीवर स्थानिक सोय योग्य.

हे सर्व एका व्यक्तीच्या नावावर असावे. क्लाउड पुरवठादार, दूरसंचार कंपनी आणि कंत्राटदार हे आपापला भाग सांभाळतील, पण पायलट क्रमांकापासून प्रतिनिधीच्या कानापर्यंतचा कॉल हा ज्याच्या नावावर आहे असा एक कर्मचारी आणि त्याला पर्यायी दुसरा, अशी दोन नावे केंद्राने लेखी ठरवावीत आणि तिन्ही कंपन्यांकडे तक्रार नोंदवण्याचा अधिकार त्या दोघांना द्यावा. दर तिमाहीला एकदा, कमी गर्दीच्या पण कामकाजाच्या तासात, पूर्वसूचना देऊन एक गेटवेची ई१ केबल खरोखर काढावी, पुढच्या वेळी पहिली लीज्ड लाइन, त्यापुढे यूपीएसचा मुख्य पुरवठा; काय अपेक्षित होते आणि काय झाले ते वेळेसह लिहावे. आपल्याकडे पहिली चाचणी ई१ केबलचीच घ्यावी, असे मी सुचवतो. केबल काढल्यावर १० मिनिटांत बाहेरून २० कॉल लावून पाहावेत. त्यांतले किती दुसऱ्या पीआरआयवर आले, यावरून हंटिंगचा निकाल तिथेच लागेल. त्यानंतर केबल परत लावून क्लाउडकडचा ट्रंक तेवढा बंद करावा आणि तेच २० कॉल पुन्हा लावावेत. गेल्या दोन घटनांचे कारण बहुधा या दुसऱ्या फेरीत समोर येईल.